मेघा आणि मालगाडीचा गार्ड

आमच्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक कुत्रीचे केस आणि दुसरे किस्से. केस ड्रायरच्या जाळीत सापडतात, गाडीच्या सीटवर सापडतात, एकदा तर पुरणपोळीत सापडला आणि पाहुण्यांनी तो मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवला. किस्से मात्र कुणी मुकाट्याने कडेला ठेवत नाही. एटोबिकोची मित्रमंडळी आली की चहाचं आधण ठेवायच्या आत विचारतात, "मग? मेंढ्या काय म्हणतात?" मेंढ्या काही म्हणत नाहीत हो! बोलतात ती माणसं.

तर आधी माणसं सांगते. नवरा सुधीर, इथे कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. मुलगी इरा, वय चौदा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सासरे नाना, रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले, सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. आणि मेग, मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉली जातीची काळीपांढरी कुत्री. नाना आले त्याच दिवशी म्हणाले, "मेग? हाक मारायला नीट नाव नको का?" आणि तिचं मेघा करून मोकळे झाले. ती दोन्हींना ओ द्यायची. मी हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. घरात नॉर्मल रेंजमध्ये असलेली मी एकटीच.

* * *

सुरुवात झाली ती टाउनहाउसमध्ये. इराला पपी हवं होतं म्हणून आणलं. वर्षभरात त्या पपीने गल्लीतली सगळी लहान मुलं वळून आमच्या गॅरेजमध्ये कोंडायला सुरुवात केली! चावायची नाही, भुंकायची नाही. नुसती रोखून बघायची आणि मुलं आपोआप मागे सरकायची. एकीकडे कम्प्लेंट्स यायला लागल्या, दुसरीकडे दोन आयांनी हळूच विचारलं, रोज साडेपाचला कोंडता येतील का म्हणून.

सुधीर तिला एका ट्रेनरकडे घेऊन गेला. ट्रेनरने दहा मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "धिस डॉग नीड्स अ जॉब."

"घरात दोघं जॉब करतो ते पुरत नाही," सुधीर म्हणाला, "आता कुत्रीलाही लावा नोकरीला!"

पण लावली. आधी वीकेंडला ग्लेनच्या मेंढ्यांवर. ग्लेन म्हणजे आमचे गुरू, वय पंचाहत्तर, तीन पिढ्यांचे मेंढपाळ. मग ग्लेनने आम्हाला सहा मेंढ्या विकल्या, मग त्या मेंढ्या ठेवायला जागा हवी म्हणून हॅमिल्टन आणि केंब्रिजच्या मधे दहा एकर आणि एक गळकं घर घेतलं. लोक मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात. आमच्या मुलीची शाळा लांब पडली, कुत्रीचं ऑफिस जवळ आलं.

* * *

नाना कॅनडात आले तेव्हा एअरपोर्टवर त्यांची बॅग उघडली. लोणचं निघालं, मेतकूट निघालं, ते ऑफिसरला सरावाचं होतं. तळाशी दोन झेंड्या निघाल्या, एक लाल, एक हिरवी, दांड्यांसकट नीट गुंडाळलेल्या.

ऑफिसरने विचारलं, "विच कंट्री, सर?"

नाना ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "गुड्स ट्रेन."

ऑफिसरने बॅग बंद करून दिली.

* * *

मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याला मुख्य हुकूम दोन. "कम बाय" म्हटलं की मेंढ्यांना घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालायचा, "अवे" म्हटलं की उलटा. मेगला हे तीन दिवसांत आलं. सुधीरला तीन महिने झाले तरी येईना! कारखान्यात हा माणूस दुसऱ्यांच्या चुका शोधायचे पैसे घेतो. इथे रोज चुकीच्या बाजूला पाठवायचा आणि मेग थांबून त्याच्याकडे बघायची. त्याने दोन्ही तळहातांवर पेनने लिहून ठेवलं. पाऊस आला, शाई गेली.

ग्लेन म्हणाला, "डोन्ट वरी. द डॉग नोज. इट्स यू वी आर ट्रेनिंग."

हे सगळं नाना कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बघत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "अरे, मेंढ्या म्हणजे देव समज. प्रदक्षिणा घालते ती कम बाय. उलटी घालते ती अवे. मुंज झालीये ना तुझी?"

त्या दिवसापासून सुधीर एकदाही चुकला नाही. फक्त मेग कधी कधी अर्धा वळसा घालून परत फिरायची. नाना म्हणायचे, "जाऊ दे, शंकराचं देऊळ दिसलं असेल."

पुढच्या उन्हाळ्यात मी ग्लेनकडे अंडी आणायला गेले. तो एका नवख्या जोडप्याला शिकवत होता. दोघं गोरे, बुजलेले, बूट चिखलात रुतलेले. ग्लेन ओरडत होता, "थिंक ऑफ अ टेंपल! अ टेंपल!"

* * *

गणपतीला आमच्या बेसमेंटमध्ये तीसेक माणसं असतात. आता मराठी माणूस निघतो कसा, हे तुम्हाला सांगायला नको. "चला, निघतो" म्हणून सोफ्यावरून उठायला अर्धा तास, जिन्यात अर्धा तास, आणि मग दारात बुटांमध्ये पाय घालून खऱ्या गप्पा सुरू! त्या वर्षी दार सताड उघडं, थंडी आत, आणि सोळा माणसं हातात प्रसादाचे डबे घेऊन उंबऱ्यात.

मेगने हे बराच वेळ पाहिलं. मग ती उठली, मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून लांबून आली आणि पोट जमिनीला लावून दबकत दबकत पुढे सरकायला लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलता बोलता सोळाच्या सोळा माणसं ड्राइव्हवेवरून गाड्यांकडे सरकली, गाड्यांमध्ये बसली आणि दारं लागली. पाच मिनिटं!

एक काकू भलत्याच गाडीत बसल्या. मिसिसागा येईपर्यंत त्यांचे गुळाच्या कंपनीवरून वाद चालले होते, उतरताना कळलं.

* * *

ग्लेनला मराठी येत नाही. नानांचं इंग्रजी झेंड्यांपुरतं. तरी दर रविवारी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून दोन दोन तास बोलतात. ग्लेन इंग्रजीत, नाना मराठीत. त्यात नानांना कमी ऐकू येतं, म्हणजे ग्लेनचं इंग्रजी त्यांच्यापर्यंत पोचतही नसणार.

एकदा सुधीरने चेष्टेने विचारलं, "काय म्हणतात तुमचे मित्र?"

"काही नाही रे," नाना म्हणाले, "मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डावा. मुलगी यायला तयार नाही म्हणून जरा लागलंय मनाला."

सुधीरने ग्लेनला फोन केला. गुडघा डावा. मार्च. मुलगीसुद्धा बरोबर!

* * *

आता नानांचे कान. मान्य करायला ते तयार नव्हते. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता!"

एका दुपारी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि मागच्या डेकवर मटार सोलत बसले. इरा शाळेतून आली तेव्हा किचनमध्ये धूर, पातेलं काळंठिक्कर आणि स्मोक अलार्म किंचाळतोय. रात्री तिने आम्हाला सांगितलं, "द अलार्म वॉज स्क्रीमिंग, अँड दे वर जस्ट सिटिंग देअर. लाइक, चिलिंग."

सुधीर नानांना खूप बोलला. घाबरला होता, म्हणून बोलला. पुढच्या आठवड्यात ऐकायचं मशीन आणलं. नानांनी डबी उघडून बघितली, बंद केली आणि देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. "मशीन लावलं की माणूस म्हातारा होतो."

माझ्या डोक्यात मात्र इराचा एकच शब्द राहिला. "दे." म्हणजे दोघं. नानांच्या पायाशी मेग होती. हीच कुत्री पूर्वी अलार्मची बॅटरी उतरली आणि बीप वाजलं तरी बेसमेंटमध्ये पळून जायची. त्या दिवशी घर किंचाळत होतं आणि ती मटाराच्या शेंगा खात बसली होती.

मी सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "हट्टी आहे ती. ऐकू सगळं येतं तिला."

मी म्हटलं, हे वाक्य मी आजच कुठेतरी ऐकलंय.

* * *

स्पर्धा कशी असते ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मैदानात एक खांब. मालकाने त्या खांबापाशी उभं राहायचं, खांब सोडला की बाद. कुत्र्याने तीनचारशे मीटर लांब जायचं, मेंढ्या आणायच्या, फाटकांमधून काढायच्या आणि शेवटी एका लहान कोंडवाड्यात घालायच्या. त्याचं दार मालकाने स्वतः दोरी ओढून लावायचं, तेवढ्यापुरती खांब सोडायची मुभा. खुणा फक्त मालकाच्या, शिट्टीने नाहीतर तोंडाने. बाहेरच्या कुणी मदत केली की बाद!

सुधीरने आणि मेगने एवढ्या वर्षांत ते दार कधीच लावलं नव्हतं. दर वेळी काहीतरी राहायचं. मेग दहा वर्षांची झाली होती, आणि सुधीरला बक्षीस नको होतं, फक्त एकदा ते दार लावायचं होतं. झोपेतसुद्धा त्याचा हात दोरी ओढायचा, खरंच सांगते.

त्या उन्हाळ्यात मात्र मेग लांब गेली की शिट्टी ऐकेचना. पहिल्या स्पर्धेत सुधीर म्हणाला वारा होता. दुसऱ्या स्पर्धेत म्हणाला शिट्टी बरोबर नाही. मग शिट्ट्या आल्या. पत्र्याची, अॅल्युमिनियमची, प्लॅस्टिकची. तो येताजाता गाडीत शिट्टी तोंडात धरून प्रॅक्टिस करायचा. एकदा पोलिसाने थांबवून विचारलं, "सर, तोंडात काय आहे?" दचकून सुधीरने श्वास सोडला, शिट्टी वाजली, आणि पोलिसाच्या गाडीतला कुत्रा खाली बसला!

मागच्या सीटवरच्या मेगने मानसुद्धा वर केली नाही. हा किस्सा सुधीर फार रंगवून सांगतो, पण मागच्या सीटपर्यंत येत नाही.

तिसऱ्या स्पर्धेनंतर ग्लेनने त्याला बाजूला घेतलं. "शी कान्ट हिअर यू, सन. एक दिवस मेंढ्या रस्त्यावर जातील आणि ती त्यांच्यामागे जाईल. तू ओरडत राहशील. स्टॉप रनिंग हर."

"शी हिअर्स फाइन अॅट होम," सुधीर म्हणाला.

आणि हे मात्र खरं होतं. घरी मेग बिनचूक चालायची!

* * *

का चालायची, ते मला किचनच्या खिडकीतून दिसलं.

संध्याकाळची वेळ. सुधीर शेतात पाठमोरा उभा, पलीकडे लांब मेग आणि मेंढ्या. सुधीरने थांबायची शिट्टी वाजवली. त्याच्या मागे, कुंपणाच्या बाहेर, नाना उभे होते. थांबायची शिट्टी वाजवताना सुधीर गाल फुगवतो आणि उजवा खांदा वर करतो. तो खांदा वर गेला, की नाना हातातली लाल झेंडी वर करायचे. मेग बसली. चालायच्या शिट्टीला सुधीर मान पुढे काढतो, तेव्हा हिरवी वर. मेग उठून चालायला लागली. वळवायचं असेल तिकडे सुधीर आपोआप झुकतो, तिकडे हिरवी आडवी. सुधीर मागे वळायच्या आत दोन्ही झेंड्या शालीखाली! मेगही शिकली होती. दहा पावलं गेली की मान वळवून कुंपणाकडे बघायची.

सुधीर आत आला तो खुशीत. "बघितलंस? म्हणे ऐकू येत नाही!"

मी नानांना एकटं गाठलं. म्हटलं, "नाना, हे काय चाललंय?"

नाना म्हणाले, "अगं वृंदा, पन्नास डब्यांची गाडी असायची. ड्रायव्हर त्या टोकाला, मी या टोकाला. आम्ही काय एकमेकांशी तोंडाने बोलायचो?"

"पण कुत्र्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. शाळेत शिकलेय मी."

"तिला रंग कशाला हवा? लाल उजव्या हातात, हिरवा डाव्या. ती हात बघते."

"आणि सुधीरला कधी सांगणार?"

नानांनी झेंड्या गुंडाळल्या. "तू सांग ना, तुला एवढं वाटतंय तर."

मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं हे मला कळत होतं, ग्लेनचा रस्ता रोज डोळ्यासमोर यायचा. पण सुधीरचा तो खुशीतला चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही. मी इराला सांगायला गेले तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मॉम, आय नो. एव्हरीवन नोज. द शीप नो."

* * *

ऑक्टोबरमधली स्पर्धा ग्लेनच्याच शेतावर होती. सुधीरने जाहीर केलं, ही शेवटची. नाना एरवी स्पर्धेला येत नसत, दिवसभर बसवत नाही म्हणून. त्या दिवशी पहाटेच तयार होऊन बसले. स्वेटर, शाल, कानटोपी अगदी हनुवटीपर्यंत बांधलेली. शालीखाली काय होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाना, तिथे चालणार नाही हं. बाद करतात."

"मी फक्त बघायला चाललोय," नाना म्हणाले.

आम्ही दोरीबाहेर खुर्च्या टाकल्या. सुधीरचा खांब आमच्यापासून चाळीस एक पावलं पुढे. त्याचा नंबर आला. मेग सुटली, सुंदर वळसा घालून मेंढ्यांच्या मागे गेली, मेंढ्या हलल्या. मग त्या चुकीच्या बाजूला वळल्या. खालच्या अंगाला, जिथे कुंपण संपतं आणि चर ओलांडला की थेट रस्ता लागतो.

सुधीरने थांबायची शिट्टी वाजवली. मेग थांबली नाही. पुन्हा वाजवली. मग नावाने ओरडला. मेगने मान वळवून आमच्याकडे बघितलं, पुन्हा समोर बघितलं आणि चालत राहिली. रस्त्यावरून धान्याचा एक मोठा ट्रक येताना दिसत होता. ग्लेन काठी टेकत उठला आणि पिकअपकडे निघाला, पण त्याचा तो गुडघा!

नाना खुर्चीतच होते. हात शालीखाली. डोळे सुधीरच्या पाठीवर.

सुधीरने तोंडातली शिट्टी काढली आणि खिशात ठेवली. मग तो मागे वळला. ओरडला नाही, हातही केला नाही. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता, शेजारी लोक बोलत होते. जेवताना मीठ मागावं तेवढ्याच आवाजात तो म्हणाला, "नाना, लाल दाखवा."

मला जेमतेम ऐकू आलं. इराला नाहीच आलं, ती "व्हॉट? व्हॉट डिड ही से?" करत राहिली. नाना उठून उभे राहिले होते. पाय जुळवलेले, छाती पुढे, उजवा हात सरळ वर, लाल.

मेगने दहा पावलं झाल्यावर मान वळवली. आणि खाली बसली. मेंढ्या चराच्या काठाशी थांबल्या. ट्रक निघून गेला.

"थँक यू," जज म्हणाले. म्हणजे बाद.

पण बाद झालं तरी मेंढ्या काही मैदानात ठेवता येत नाहीत, त्या बाहेरच्या वाड्यात न्याव्याच लागतात. सुधीर खांब सोडून चालत वाड्यापाशी गेला आणि तिथल्या दाराची दोरी हातात घेऊन उभा राहिला. नानांनी हिरवी दाखवली. मेग उठली. हिरवी आडवी केली, मेग वळली. पाच मेंढ्या सरळ रेषेत आल्या, सुधीरच्या पुढून आत शिरल्या, आणि सुधीरने दार लावलं. मला रडू आलं, सांगायला काय लाज!

जजच्या कागदावर आमच्या नावापुढे काहीच नाही. ग्लेनने नानांच्या पाठीवर थाप मारली आणि इंग्रजीत काहीतरी पुष्कळ बोलला. नाना मराठीत म्हणाले, "नाही हो, पोरीनेच केलं सगळं."

आम्ही गाडीने परत निघालो. मेग नानांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी मनात हिशेब मांडत होते. एवढ्या लांबून, उलट्या वाऱ्यात, ते वाक्य नानांना ऐकू आलं कसं? कानटोपी अजून हनुवटीपर्यंत बांधलेली. आत काय आहे ते दिसत नव्हतं.

सुधीरही आरशातून तिकडेच बघत असावा. शेवटी त्याने विचारलंच, "नाना, मशीन लावलं होतं का हो आज?"

नाना खिडकीतून बाहेर मक्याची शेतं बघत होते.

"काय म्हणालास?"